अग्लायामावशीची नवी कवळी

पोयेनी, २८ डिसेंबर १९९३

बाळ ओक्ताव,

माझ्याबद्दल विचारशील तर मी ठणठणीत आहे, आणि तिकडे याशला तूही तसाच असशील असं धरून चालते.

नाताळाआधी, इग्नातच्या सणाला, डुक्कर कापलं. माझं नाही, शेजारच्या झेनोव्हियाचं. मी एकटी बाई, अख्खं डुक्कर घेऊन काय करू? पण आतडी धुवायला आणि मसाला भरायला मीच लागते, कारण तिच्या सुनांना त्यातलं ओ का ठो कळत नाही. सगळं उरकून जेवायला बसलो तर तिचा नवरा कॉस्तीनाश त्याची ती लष्करातली गोष्ट सांगायला लागला, सार्जंटच्या बुटात बेडूक घातल्याची. पंचवीस वेळा ऐकली आहे मी ती. तरी हसू आलं, आणि तोंडात डुकराची भाजलेली कातडी, वर आलुबुखारच्या दारूचा घोट. असा ठसका लागला म्हणून सांगू, डोळ्यांपुढे अंधारीच आली. झेनोव्हियाने पाठीत जे बुक्के घातले त्यात तिने चाळीस वर्षांचा सगळा राग काढून घेतला. मग थांबलं एकदाचं. तेव्हापासून थोडा खोकला आहे. दारूने घसा सोलवटला असेल, दुसरं काय.

तू गेल्या उन्हाळ्यात करून दिलेली कवळी फार छान आहे. रोज घालते. लोक विचारतात, कुणी केली एवढी सुरेख? मी सांगते, माझ्या भाच्याने, स्वतःच्या हाताने, शहरातल्या दवाखान्यात. तुझ्या आईने बघायला हवं होतं. ती गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि तुला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. आता लोकांच्या तोंडात हात घालतोस.

सॉसेज पाठवते आहे. बसवाल्याला दोन दिलेत, म्हणजे तो उरलेले खाणार नाही.

तुझी मावशी
अग्लाया

•

याश, ९ जानेवारी १९९४

प्रिय मावशी,

सॉसेज पोचले. बसवाल्याने तरी एक लांबवलाच, मोजून पाहिले मी.

दवाखान्यात हीटर बंद आहेत. पेशंट ओव्हरकोट घालून खुर्चीत बसतात आणि तोंड उघडलं की वाफ येते. त्यामुळे अर्धं शहर खोकतंय. तुझा खोकला मात्र मला आवडलेला नाही. नुसता दारूने घसा सोलवटला असता तर तो आत्तापर्यंत गेला असता.

कवळीबद्दल पुन्हा सांगतो, कारण तू हो म्हणतेस आणि आपलंच खरं करतेस. झोपताना ती काढायची. ब्रशने घासायची, दारूत खळखळून भागत नाही. पाण्यात ठेवायची. तोंडातली घाण झोपेत लाळेबरोबर छातीत उतरते, मावशी. म्हाताऱ्या माणसांच्या निम्म्या न्यूमोनियांची सुरुवात छातीत होतच नाही, तोंडात होते. आमच्याकडे रोज बघतो मी. कवळ्या अशा निघतात की त्यांच्यावर बटाटे लावावेत.

आणि ती जुनी चुलीत टाकलीस का? ती मी तेव्हाच काढून घ्यायला हवी होती. आमचा नियमच आहे, नवी दिली की जुनी परत द्यायची नाही. पण तू खुर्चीत बसून रडलीस, की ही काकांनी हौसेने करवून दिली होती. मग माझ्याच्याने घेववली नाही. आठवण म्हणून ठेवायची तर फळीवर ठेव. तोंडात नको.

ईस्टरला मी येतोच आहे. तेव्हा तोंड बघणार. आत्तापासून सांगून ठेवतो.

तुझा
ओक्ताव

•

पोयेनी, ३० जानेवारी १९९४

बाळ ओक्ताव,

मी बरी आहे, तूही बरा अस.

मध्ये दोनदा ताप येऊन गेला. थंडी वाजून येतो, एक दिवस राहतो, मग घाम येऊन उतरतो. तालुक्याच्या डॉक्टरने पुड्या दिल्या. त्या संपेपर्यंत बरं वाटतं. त्याने छातीला नळी लावली आणि म्हणाला, म्हातारे, चुलीचा धूर कमी घे. मी म्हटलं, मग हिवाळ्यात काय तुझ्या बायकोच्या कुशीत येऊन झोपू? हसला. माणूस वाईट नाही.

कवळीचं तू म्हणतोस तसंच करते. रात्री काढते, घासते. दात असे आहेत की अजून कालच आल्यासारखे दिसतात. तोंडाला जरा वास येतो असं झेनोव्हिया म्हणते, चर्चमध्ये ती आता माझ्या पलीकडे एक जागा सोडून बसते. पण हिवाळ्यात मी लसूण फार खाते, तुला ठाऊक आहे.

आणखी एक. झेनोव्हिया विचारते आहे, की कुणाच्या कवळीचा लहानसा तुकडा मोडून पोटात गेला तर काही होतं का? अगदी लहान, नखाएवढा. तिला तुला विचारायची लाज वाटते म्हणून मी लिहिते. कातडी चावताना मोडला म्हणे.

बर्फ खिडकीपर्यंत आलं आहे. पोस्टातला टेलिफोन तारेसकट आडवा झाला आहे, त्यामुळे फोन करत बसू नकोस.

तुझी मावशी
अग्लाया

•

याश, १२ फेब्रुवारी १९९४

प्रिय मावशी,

झेनोव्हियाकाकूंना सांग, बिनधास्त राहा. नखाएवढा तुकडा दोन-तीन दिवसांत आपल्या वाटेने बाहेर पडतो. मक्याची घट्ट ममालिगा आणि पाव भरपूर खायचा, म्हणजे त्यात गुंडाळून निघून जातो. इतके दिवस झाले म्हणजे गेला असणार, त्यांचं लक्ष नसेल. मोडकी कवळी मात्र घालायची नाही, कडा धारदार असतात. येताना त्यांच्या तोंडाचं माप घेईन. कॉस्तीनाशकाकांच्या गोष्टी ऐकायच्या म्हणजे दात मजबूत हवेत.

आता तुझं. ताप असा येत-जात राहणं मला पटत नाही. खोकताना काही पडतं का? कसल्या रंगाचं? एका बाजूला दुखतं का? हे सगळं न लाजता लिही. आणि रस्ता उघडला की जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन छातीचा एक्स-रे काढून घे. चुलीच्या धुराची गोष्ट पुरे झाली.

लसूण कमी कर.

तुझा
ओक्ताव

•

पोयेनी, ६ मार्च १९९४

बाळ ओक्ताव,

मी आहे तशी आहे. तू तब्येतीला जप.

झेनोव्हियाबरोबर जिल्ह्याला जाऊन आले. लाकडाच्या ट्रकमधून. एक्स-रे काढला. उजवीकडे, अगदी खाली, मुठीएवढा डाग आहे. डॉक्टरने मला कपडे घालायला सांगितले आणि झेनोव्हियाला बाहेर बोलावलं. पण मी बहिरी नाही आणि दार उघडं होतं. तो म्हणाला, वय काय? ती म्हणाली, एकाहत्तर. तो म्हणाला, मग आता तिला भोसकाभोसकी करून त्रास कशाला द्यायचा, घरी न्या, खाऊ दे काय खायचं ते. परतताना झेनोव्हिया ट्रकमध्ये सारखी हवामानाबद्दल बोलत होती. बिचारीला खोटं बोलता येत नाही.

तू विचारलंस म्हणून लिहिते. पडतं, हिरवट, आणि त्याला वाईट वास येतो. दोनदा तांबूस दिसलं. उजव्या कुशीवर झोपवत नाही. वजन म्हणशील तर स्कर्टला दोनदा गाठ मारते आहे.

तू धावत येऊ नकोस. दरीतला पूल वाहून गेला आहे आणि तुझे पेशंट आहेत. ईस्टरला ये म्हणजे झालं.

एक तुला सांगून ठेवते. तुझी आई गेली तेव्हा तिला तीन दिवस पुढच्या खोलीत ठेवलं होतं, आठवतं? सगळं गाव येऊन बघून गेलं. दात नव्हते तिला, तोंड आत गेलेलं. चाळिशीतली बाई, सत्तरची दिसत होती. स्वयंपाकघरात बायका काय कुजबुजत होत्या ते मी ऐकलं आहे. मी तेव्हाच ठरवलं, माझ्यावर ही पाळी येऊ द्यायची नाही. पेटीत माझ्या मरणाचं सगळं तयार आहे. नवा सदरा, रुमाल, बूट, टॉवेल. तुला माझी लाज वाटायची वेळ येणार नाही एवढं बघितलं आहे मी.

तुझी मावशी
अग्लाया

•

याश, १४ मार्च १९९४

झेनोव्हियाकाकू यांना नमस्कार.

हे पत्र मावशीला दाखवू नका. मी ओक्ताव, तुमच्या कुंपणावरून चेरी चोरायचो तो.

तिचं पत्र आलं. डॉक्टर तुम्हाला नक्की काय म्हणाला ते शब्दाला शब्द मला लिहा. मी फुफ्फुसाचा डॉक्टर नाही, पण तिने जे लिहिलंय त्यावरून मलाही कॅन्सरशिवाय दुसरं काही सुचत नाही, आणि तेच मनाला पटत नाही. जन्मात तिने सिगरेट ओढली नाही. डिसेंबरात आतडी धुणारी बाई मार्चमध्ये स्कर्टला दोन गाठी मारते. एवढ्या लवकर?

ती काय खाते, किती झोपते, ताप किती दिवसांनी येतो, सगळं लिहा. सोबत गोळ्या पाठवतोय, सकाळ-संध्याकाळ एक, जेवणावर. आणि कृपा करून तिचं तोंड तुम्ही स्वतः बघा. कवळी रात्री काढते का? घासते का? छाती आधीच बिघडलेली असताना तोंड घाण असेल तर ते तिला महिनाभरात संपवेल. ती मला सगळं ठीक आहे म्हणते. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

तुमचा मोडलेला तुकडा गेला असेलच. त्यातून काही त्रास झाला नाही ना?

तुमचा
ओक्ताव

•

पोयेनी, २२ मार्च १९९४

डॉक्टर ओक्ताव, नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि शेवटच्या ओळीचा काही अर्थ लागेना. कसला तुकडा? माझ्या तोंडात कवळी नाही. माझे सगळे दात माझे स्वतःचे आहेत, एक सोडून, तो गाईने लाथ मारून पाडला. मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला.

मी तिला देवाच्या तसबिरीसमोर शब्द दिला होता की तुम्हाला सांगणार नाही. तो आता मोडते. देव मला काय करायचं ते करू दे.

तुमची नवी कवळी तिने एक दिवससुद्धा घातलेली नाही. याशहून आली त्याच संध्याकाळी तिने ती पांढऱ्या टॉवेलमध्ये बांधून मरणाच्या कपड्यांत ठेवली. मला दाखवली होती. म्हणाली, ओक्तावने एवढी सुरेख केली आहे, ही मी ममालिगा चावून झिजवू का? तीन दिवस सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघणार आहे, तेव्हा घालीन. मीही म्हटलं, बरोबर आहे. खरं सांगते, मलाही बरोबरच वाटलं. आमच्याकडे चांगली वस्तू कुणी रोजच्याला वापरतं का?

ती घालते ती जुनी. दिवस-रात्र. काढली की गाल बसतात आणि कुणी अचानक आलं तर, म्हणून झोपेतही काढत नाही. इग्नातच्या दिवशी आमच्याकडे तिला ठसका लागला होता ना, त्यानंतर बघितलं तर कवळीचा उजवीकडचा कोपरा नव्हता. ताटात नाही, जमिनीवर नाही. ती म्हणाली, गिळला असेन. ठसक्यात तिचे ओठ जांभळे झाले होते, डॉक्टर. दारूने ओठ जांभळे होतात का?

हे आधी लिहायला हवं होतं. पण तिला भीती होती की जुनी घालते हे कळलं तर तुम्ही रागवाल, तुमच्या मेहनतीची किंमत केली नाही म्हणाल. बाकी कशाची नाही, त्याचीच.

झेनोव्हिया

•

याश, २६ मार्च १९९४

मावशी,

झेनोव्हियाकाकूंवर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर माझ्यावर चिड, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तो तुकडा तू गिळला नाहीस. तो श्वासनलिकेत गेला आहे. उजव्या बाजूला, खाली, जिथे तो डाग आहे अगदी तिथे. कवळीचं प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरला दिसला तो त्याच्या भोवती साचलेला पू. त्याला काय माहीत आत काय आहे? त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि मला तू विचारलंस तेव्हा मी लिहिलं, पाव खा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा विचारतो, तुकडा गेला तेव्हा ठसका लागला होता का. मी ते विचारलं नाही. कारण मला वाटलं झेनोव्हियाकाकूंचं चाललंय, आणि मी विनोद करत बसलो.

म्हणजे तुला तो वाईट रोग नसेल, मावशी. कळतंय का तुला? नसेल. नाकातोंडातून दुर्बिणीची नळी घालून तो तुकडा काढता येतो. कापाकापी नाही. इथे हे काम करणारे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले, तीन महिने झालेत, आता एक दिवसही घालवू नका.

शुक्रवारी मित्राची गाडी घेऊन येतोय. पूल नसला तर नदीपलीकडून चालत येईन. तू तयार राहा. ती मोडकी कवळी आत्ताच्या आत्ता तोंडातून काढ.

मी रागावलेलो नाही. शप्पथ.

ओक्ताव

•

पोयेनी, २९ मार्च १९९४

बाळ ओक्ताव,

झेनोव्हियाशी मी अख्खा दिवस बोलले नाही. मग रात्री तापात तीच पाय चोळत बसली होती, म्हणून बोलले.

येते तुझ्याबरोबर. मला त्या नळीची भीती नाही. मला तिथल्या आठ बायकांच्या खोलीत तोंड उघडं टाकून पडायची भीती आहे. पण तू नदी चालत पार करणार म्हणतोस, तर मी नाही कशी म्हणू?

खोटं बोलले ते तुला दुखवायचं नाही म्हणून. तू ती करत होतास तेव्हा मी बघत बसले होते, एकेक दात लावून आरशात दाखवत होतास, रंग बदलत होतास. एवढं माझ्यासाठी कुणी कधी केलं नाही. मला वाटलं ही वस्तू सांभाळून ठेवायची असते. चूक झाली असेल. मला अजून नीटशी पटलेली नाही, पण तू म्हणतोस तर झाली असेल.

जुनी काढून फळीवर ठेवली आहे. नवी बरोबर आणणार नाही. इस्पितळात चोऱ्या होतात.

श्वास पुरत नाही, म्हणून इथेच थांबते.

अग्लाया

•

याश, ७ एप्रिल १९९४

झेनोव्हियाकाकू,

सोमवारी तुकडा काढला. वालाच्या दाण्याएवढा आहे. डॉक्टरांनी बशीत घालून माझ्या हातात दिला, आणि मी बघताक्षणी ओळखला. त्या कवळीचं मूळ प्लास्टिक जुनं, तपकिरी पडलेलं. हा तुकडा स्वच्छ गुलाबी आहे. गेल्या उन्हाळ्यात ती रडली तेव्हा मी तिला जुनी परत दिली, आणि देण्याआधी तडकलेला कोपरा नव्या प्लास्टिकने जोडून दिला, आठवण म्हणून ठेवणार तर निदान धड तरी असावी म्हणून. माझा तो जोडच सुटला. दहा मिनिटांचं काम, घाईत केलेलं. बाहेर पेशंट थांबले होते.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "दाखव काय होतं ते." मी दाखवला. म्हणाली, "तुझ्या हातचा नाही ना?" मी म्हटलं, "नाही गं, तो जुनाच आहे." तिने मान हलवली. हे मी कुणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला लिहितोय. तिला कळू देऊ नका.

तुकडा निघाला पण त्याच्या खालचं फुफ्फुस कुजलं आहे. औषधं जोरात चालू आहेत. ताप उतरत नाही. डॉक्टर आता माझ्याशी बोलताना तिच्या वयाबद्दल बोलायला लागले आहेत.

तिचं तोंड दिवसातून चार वेळा मी स्वतः पुसतो, ओल्या कापसाने. पहिल्या दिवशी तिने ओठ घट्ट मिटून घेतले. समोरच्या खाटेवरची बाई बघत होती. मी चादर आडवी धरली, तेव्हा उघडलं. आता चादर धरत नाही तरी उघडते, आणि हेच मला सगळ्यात जास्त घाबरवतं.

ती आग्रहाने एक सांगते आहे, ईस्टरसाठी तिच्या घराच्या भिंतींना चुना लावून ठेवा. लावा.

ओक्ताव

•

पोयेनी, २३ मे १९९४

डॉक्टर ओक्ताव, नमस्कार.

अग्लाया गेली त्याला शनिवारी चाळीस दिवस झाले. गव्हाचा गोड प्रसाद मी केला, पाव केले, आणि तिच्या नावाने पांढरं कोंबडं दिलं. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मी लोकांना सांगितलं की दवाखान्यात फार काम आहे. दफनानंतर तुम्ही जेवायलाही न बसता गेलात, तेव्हाही हेच सांगितलं होतं. मला बाकीचं ठाऊक आहे आणि ते माझ्यापाशीच राहील.

तिला याशहून आणलंत तेव्हा तुम्ही सगळ्यांना खोलीबाहेर काढलंत आणि कवळी स्वतः बसवलीत. तीन दिवस गाव येत होतं. मी पन्नास वर्षं मेलेल्यांना अंघोळ घालते आहे, डॉक्टर, असं तोंड बघितलं नाही. लग्नातल्या फोटोत दिसते तशी दिसत होती. वरच्या वाडीहूनही बायका आल्या, ज्या तिच्याशी वीस वर्षं बोलत नव्हत्या त्यासुद्धा. कुणी कुजबुजलं नाही. तिला जे हवं होतं ते झालं.

आता पत्र लिहायचं कारण. आणि तुम्ही रागवू नका.

ती कशाने गेली हे मी प्रत्येकीला सांगितलं. जुनी कवळी, तुकडा, छातीतला पू, सगळं. रात्री काढून ठेवा, घासा, तडकलेली फेकून द्या, तुमचे शब्द जसेच्या तसे. चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगितलं. त्या ऐकून घेतात. मान डोलावतात, क्रॉसची खूण करतात. मग म्हणतात, पण काय दिसत होती हो अग्लाया.

काल सातजणी माझ्या अंगणात आल्या. ग्लिकेरिया, दोघी पॉपोविच बहिणी, पाद्रीबाबांची सासू, आणि आणखी तीन. त्यांना तुमच्याकडून तशीच कवळी हवी आहे. ग्लिकेरियाने तर पेटीत जागासुद्धा करून ठेवली आहे, टॉवेल विणायला घेतला आहे. मी म्हटलं, बायांनो, डॉक्टर आधी विचारतील की जेवताना अडतं का. तर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

म्हणाल्या, "जेवायला जुन्या आहेत की. घाई नाही म्हणावं, पण हिवाळ्याआधी झाल्या तर बरं."

मी त्यांना काय सांगू ते कळवा.

झेनोव्हिया